गिरणगावची खोली

1922 सालची गोष्ट. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची परिस्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली होती. चाळी पालथ्या घालता घालता त्या एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर पोचल्या. खोली पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. आत सहा कुटुंबं राहत होती. जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली. मोठी माणसं आणि मुलं मिळून किती जण, असं विचारल्यावर आकडा निघाला तीस. छताला बांबू टांगलेले होते. रात्री त्यांच्यावर घोंगड्या आणि गोणपाटं टाकली की सहा घरांच्या भिंती उभ्या राहत. सहा बायकांपैकी तिघी लवकरच बाळंत व्हायच्या होत्या आणि तिघींचीही बाळंतपणं मुंबईतच होणार होती. डॉ. बार्न्स यांनी हे सगळं लिहून ठेवलं आणि सरकारच्याच ‘लेबर गॅझेट’मध्ये ते छापून आलं.

या वर्णनातल्या सहा चुली मनातून जात नाहीत. एका चुलीवर भागलं असतं, धूर कमी झाला असता, जागाही वाचली असती. पण माणसांनी जमीन वाटून घेतली, चूल वाटून घेतली नाही. चूल वेगळी म्हणजे घर वेगळं. पंधरा बाय बाराच्या त्या जागेत प्रत्येकीने आपलं घर राखलं होतं.

लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, नायगाव, वरळी, डिलाईल रोड, भायखळ्याचा काही भाग या साऱ्या पट्ट्याला लोकांनी गिरणगाव हे नाव दिलं. त्याचा इतिहास एरवी गिरण्या आणि संपांच्या अंगाने सांगितला जातो. मला तो खोलीच्या अंगाने सांगावासा वाटतो. गिरणीला हात हवे होते. त्या हातांमागचं घर मात्र कोणाच्याच हिशेबात नव्हतं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं गिरणगावात जे घडलं, त्याचं मूळ या एका गोष्टीत आहे.

परळ मुळात कष्टकऱ्यांची वस्ती नव्हती. अठराव्या शतकापासून मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला परळमध्ये होता. आजूबाजूला वाड्या, शेतं, तळी आणि श्रीमंतांच्या बागा होत्या. किल्ल्यातल्या दाटीपासून दूर हवा खायला यायची ती जागा होती. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी या बंगल्यात कॉलऱ्याने दगावली आणि त्यानंतर गव्हर्नरांनी मुक्काम मलबार पॉइंटला हलवला. 1899 मध्ये त्याच बंगल्यात डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन इन्स्टिट्यूट ती हीच. गव्हर्नरांच्या दिवाणखान्यात दोन दशकांच्या आत प्लेगची लस तयार होऊ लागली, इतक्या वेगाने परळची जात बदलली.

बदल घडवला तो कापसाने. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतली पहिली कापड गिरणी काढायचं ठरवलं आणि 1856 मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथली रुई इंग्लंडला मिळेना आणि मुंबईच्या रुईला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच बाजार कोसळला, कित्येक पेढ्या बुडाल्या. मात्र शहरात भांडवल आणि धाडस दोन्ही शिल्लक राहिलं आणि ते गिरण्यांकडे वळलं. भायखळ्याच्या उत्तरेला जमीन स्वस्त होती, बॉयलरला लागणाऱ्या पाण्यासाठी तळी होती आणि दोन्ही बाजूंना रेल्वे होती. विसावं शतक उजाडेपर्यंत मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या बहुतेक या पट्ट्यात होत्या.

हात आले रत्नागिरीहून, साताऱ्याहून, कोल्हापूर, पुणे, अहमदनगरच्या गावांतून. कोकणातला शेतकरी भाताच्या चार गुंठ्यांवर वर्ष काढू शकत नव्हता, तर घाटावरच्याला दुष्काळ आणि सावकार जगू देत नव्हते. बोटीने किंवा गाडीने तो मुंबईला यायचा तो एकटा. बायको, आईबाप, पोरं आणि बैल गावी राहायचे. महिन्याची मनीऑर्डर गावी जायची आणि शिमग्याला, गणपतीला, लावणीला माणूस गावी जायचा. गिरणीमालकाने एका माणसाला पुरेल एवढा पगार द्यावा आणि त्याचं कुटुंब गावाने पोसावं, अशी ही न लिहिलेली वाटणी होती. आजारी पडला, म्हातारा झाला, कामावरून काढून टाकला, तर त्याने गावी परत जावं. म्हणून मालकांना घरं बांधायची निकड कधी वाटली नाही. मोजक्या गिरण्यांनी चाळी बांधल्या. बाकी सगळं खासगी घरमालकांवर सोडून दिलं.

तरीही कामगाराला गिरणीजवळच राहावं लागायचं. त्याचं कारण कामाच्या पद्धतीत होतं. कायम नोकरी थोड्यांनाच असायची. बाकीचे बदली. पहाटे भोंगा झाला की बदलीवाल्यांनी गिरणीच्या दारात उभं राहायचं, आणि कोण गैरहजर आहे ते पाहून जॉबरने त्यातले काही आत घ्यायचे. हा जॉबर, म्हणजे मुकादम, नोकरी द्यायचा, कर्ज द्यायचा आणि बऱ्याचदा खोलीही मिळवून द्यायचा. त्याच्या नजरेत राहायचं, वाण्याकडे उधारीचं खातं चालू ठेवायचं, पायी गिरणीत पोचायचं, यासाठी गिरणीच्या सावलीतच पथारी पसरावी लागे. मागणी अशी बांधलेली असल्यावर घरमालकांना काय कमी? मधोमध किंवा कडेने गॅलरी, तिच्यावर उघडणाऱ्या एकेक खोल्या, मजल्याच्या टोकाला नळ आणि संडास, अशा चाळी भराभर उठल्या. कमीत कमी जमिनीवर जास्तीत जास्त खोल्या कशा काढायच्या याचं हे गणित होतं.

1896 च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचा रुग्ण आढळला आणि त्या गणिताची किंमत शहराने मोजली. अर्धं शहर गावी पळालं, गिरण्या ओस पडल्या. धंदाच बसतो म्हटल्यावर सरकारला चाळींची हवा आणि उजेड दिसू लागले. 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या, नव्या चाळी बांधल्या. पण पाडल्या जास्त आणि बांधल्या कमी. वस्तीतून उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत घुसली आणि तिथली दाटी वाढली. ट्रस्टने बांधलेल्या चाळींना लोक आजही बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या अशाच एका चाळीत 50 आणि 51 क्रमांकाच्या दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन दशकांहून अधिक काळ राहिले. देशाच्या राजकारणाला वळण देणारी किती माणसं त्या जिन्याने चढली-उतरली असतील!

एकट्या पुरुषांनी राहण्याची एक रीत याच काळात पक्की झाली. ती जरा थांबून पाहण्यासारखी आहे. एका गावच्या लोकांनी मिळून खोली भाड्याने घ्यायची. भाडेपावती एखाद्याच्या नावावर, खर्च सगळ्यांचा. अशा गावकीच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस माणसांचं बिऱ्हाड असे. प्रत्येकाची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची पेटी आणि एक वळकटी. पेट्या भिंतीला लावून एकावर एक, कपडे दांडीवर, देव कोपऱ्यातल्या फळीवर. तीस माणसं एका खोलीत झोपणार कशी? ती एका वेळी झोपतच नसत. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. उरलेले गॅलरीत, जिन्याखाली, पटांगणात, रस्त्यावर. पावसाळ्याचे चार महिने काय होत असेल याची कल्पना करावी.

जेवायला खानावळ. ती चालवायची बहुधा एखाद्या कामगाराची बायको, पुष्कळदा विधवा. नवऱ्याचा पगार पुरत नाही किंवा नवराच राहिला नाही म्हणून ती दहा-पंधरा जणांचं रांधायची आणि महिन्याचे पैसे पगाराला घ्यायची. तोवर वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. गिरणगावाच्या अर्थव्यवहारात ही बाई सगळ्यांत खाली होती आणि तिच्यावाचून एकही पाळी चालली नसती. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तोवर सावकाराच्या व्याजाला दुसरा पर्याय नव्हता.

गावकीच्या खोलीने आणखी एक काम केलं. गावचा देव, गावचं भांडण, गावची शाळा, गावच्या रस्त्याची वर्गणी सगळं त्या खोलीत ठरायचं. संप झाला की तिथूनच माणसं गावी जायची. 1928 चा संप सहा महिने टिकला. कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन त्यातून मोठी झाली. पगाराशिवाय सहा महिने काढता आले ते वाण्याची उधारी आणि गावचं भात यांच्या बळावर. मालकांनी स्वस्त मजुरीसाठी गाव आणि गिरणी यांची जी सांगड घातली, तीच सांगड कामगारांच्या लढण्याची ताकद झाली.

त्याआधीच सरकार घरबांधणीत उतरलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर महागाई आणि घरटंचाईने कहर केला होता. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ हे खातं उभारलं. मुंबईत येणाऱ्या रुईच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला आणि त्यातून पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत जाहीर केला. खोल्या झाल्या सुमारे साडेसोळा हजार. वरळीत 121, नायगावला 42, डिलाईल रोडला 32 आणि शिवडीला 12 अशा 207 चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची. याच त्या बीडीडी चाळी.

आज त्यांच्याबद्दल हळवेपणाने बोललं जातं, पण बांधल्या तेव्हा कामगारांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. सिमेंट-काँक्रीटच्या त्या भिंती उन्हाळ्यात तापत, आत उजेड बेताचा, भाडं परवडेना आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून, बाजारापासून दूर वाटे. वरळीच्या कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत सरकारला सत्याग्रही कोंडायला जागा पुरेना, तेव्हा त्यातल्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला गेला. कामगारासाठी बांधलेली इमारत तुरुंग म्हणून वापरता आली, यावरून तिच्या बांधणाऱ्यांनी कामगाराकडे कोणत्या नजरेने पाहिलं होतं ते कळतं.

त्या तुरुंगासारख्या खोल्यांची घरं केली ती बायकांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्या, कायम नोकऱ्या वाढल्या, महागाई भत्ता आला. 1940 नंतर गावाहून कुटुंबं मोठ्या संख्येने येऊ लागली. 160 फुटांत मोरी, ओटा, पोटमाळा, पलंग, पलंगाखाली दुसरं अंथरूण अशी मांडणी झाली. दार दिवसभर उघडं. मुलांचा अभ्यास गॅलरीत, धुणं गॅलरीत, पापड गॅलरीत, लग्नाचा मांडव पटांगणात आणि मयताची तिरडीही त्याच पटांगणात. खोली लहान होती म्हणून आयुष्य बाहेर आलं, आणि बाहेर आलेल्या आयुष्याने गिरणगावाला त्याचा स्वभाव दिला.

त्या स्वभावातून काय काय निघालं! व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, भजनी मंडळं, कामगार रंगभूमी, नमन-खेळे, तमाशाचे फड. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 मध्ये इथल्याच मैदानांतून घुमू लागलं. लालबागच्या रस्त्यांवर वाढलेले आणि एका गिरणी कामगाराने पोटच्या पोरासारखे सांभाळलेले नारायण सुर्वे पुढे मराठी कवितेचे मोठे कवी झाले. पेरू चाळीतला बाजार 1932 मध्ये बंद पडल्यावर कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी पक्क्या बाजारासाठी नवस केला आणि जागा मिळाल्यावर 1934 मध्ये गणपती बसवला. तोच लालबागचा राजा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबई मराठी माणसाची आहे असं ठणकावणारा आवाज उठला तो मुख्यतः याच चाळींतून.

पण उघड्या दारांच्या या आठवणींत एक बंद दार विसरलं जातं. गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, पगार चांगला, पण तिथे दलित कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि त्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. तो बिचारा सूतकताईच्या रिंगखात्यात कमी पगारावर राही. 1928-29 मध्ये बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला. चाळींतही तीच वाटणी होती. अमुक चाळी बौद्धांच्या, अमुक मराठ्यांच्या हे न सांगता सगळ्यांना ठाऊक असे. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली, तेव्हा एका चाळीच्या गच्चीवरून दुसऱ्या चाळीवर दगड पडत होते. तरुण दलित पँथर भागवत जाधव यांचा त्या दिवसांत बळी गेला. गिरणगावच्या एकोप्याची गोष्ट सांगताना ही गोष्ट गाळली तर आपण त्या माणसांवर अन्याय करतो.

दरम्यान खोलीचं कायद्याने काहीतरी भलतंच झालं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाईत हे करावंच लागलं असतं आणि त्यामुळे लाखो कामगार कुटुंबं शहराच्या मध्यभागी टिकली हेही खरं. पण भाडं जागेवर आणि महागाई दरवर्षी वर. घरमालकाने चुन्याचा हात मारणंही बंद केलं. पगडीचा व्यवहार रुजला. तुळया कुजल्या, सज्जे कोसळले, माणसं मेली. 1969 मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं आणि लाकडी टेकूंचा जमाना सुरू झाला. भाडेकरू आता जवळजवळ मालक होता, पण पडायला आलेल्या भिंतीचा. ज्या खोलीला 1922 मध्ये कोणी किंमत देत नव्हतं, तिची भाडेपावती ही घराण्याची सगळ्यात मोठी मिळकत झाली होती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. बोनसवरून ठिणगी पडली होती. मूळ राग पगाराचा, बदली कामगारांच्या हालांचा आणि कायद्याने मान्यता मिळवून बसलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाचा होता. कामगार नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले. आधीच्या संपांप्रमाणेच माणसं गावी गेली, शेतावर राबली, भात-नाचणी मुंबईला पाठवली. खानावळीत जेवणारेच गेल्यामुळे खानावळवाल्या बायकांचं कंबरडं मोडलं. भांडी विकली गेली, मंगळसूत्रं गहाण पडली. सहा महिने गेले, वर्ष गेलं.

या वेळी जुनी युक्ती चालली नाही. 1928 मध्ये मालकाला कामगार हवा होता. 1982 पर्यंत भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग स्वस्तात कापड काढत होते, गिरण्यांची यंत्रं जुनाट झाली होती आणि कित्येक मालकांना नवी यंत्रं घालण्यात रस उरला नव्हता. सरकारही तडजोडीला तयार नव्हतं. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. जवळजवळ लाखभर कामगारांना पुन्हा कामावर घेतलंच नाही. 1983 मध्ये सरकारने तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या, काही अर्ध्यामुर्ध्या चालू राहिल्या, काही पडून राहिल्या. बाप घरी बसला, आई धुणीभांडी करू लागली, मुलं वॉचमन झाली, कुरिअर वाटू लागली आणि काही टोळ्यांत गेली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात हीच खोली आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या माणसांच्या मुलाखती घेऊन 2004 मध्ये मोठा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. 

गिरणी बंद पडल्यावर तिच्याखालची जमीन दिसू लागली. सुमारे सहाशे एकर, शहराच्या ऐन मध्यावर. 1991 च्या विकास नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमाने एक वाटणी ठरवली: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकाला. कागदावर यापेक्षा चांगली वाटणी क्वचित झाली असेल. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिआ यांच्या समितीने 1996 मध्ये सरकारी गिरण्यांच्या जमिनींचा एकत्र विचार करणारा आराखडाही दिला. पण 2001 मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची करायची नाही, ज्यावर बांधकाम नाही अशा मोकळ्या जमिनीचीच करायची, असा तिचा अर्थ लावला गेला. गिरणी म्हणजे शेड, गोदामं आणि खाती. मोकळी जमीन ती किती असणार? पर्यावरणवादी संस्थेची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये उचलून धरली, पण 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. शहराला मिळणारी बाग आणि कामगाराला मिळणारं घर एका शब्दाच्या अर्थात आटून गेलं. मुंबईच्या अलीकडच्या इतिहासातली मला हीच सगळ्यात मोठी चूक वाटते. संप हरणं दोन बाजूंच्या बळाचा प्रश्न होता. इथे मात्र सरकारच्या हातात पेन होतं आणि वाटणी आधीच झालेली होती.

पुढचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, कमला मिलमध्ये कार्यालयं आणि रेस्तराँ आली, लोअर परळला काचेच्या इमारती उठल्या. काही ठिकाणी चिमणी तेवढी शोभेला ठेवली. गिरणगावाला ‘अप्पर वरळी’ म्हणायची टूम निघाली. रस्ते, पूल आणि स्टेशनं मात्र तीच राहिली. पायी गिरणीत जाणाऱ्यांच्या वस्तीतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर आता लांबून येणारे हजारो नोकरदार उतरत होते. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी पावसात तिथल्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गुदमरून गेली. ज्या मोकळ्या जागांतून रस्ते आणि वाटा निघू शकल्या असत्या, त्यांचा निर्णय अकरा वर्षांपूर्वी होऊन गेला होता.

गिरणी कामगार मात्र घराची मागणी सोडायला तयार नव्हते. दत्ता इस्वलकर यांनी 1989 मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली, उपोषणं केली, मोर्चे काढले. म्हाडाच्या वाट्याला जी थोडी जमीन आली, तिच्यावरच्या घरांत कामगारांना हक्क मिळाला तो या रेट्यामुळे. 2012 च्या जूनमध्ये पहिली सोडत निघाली तेव्हा घरं होती 6,925 आणि अर्जदार होते दीड लाखाच्या आसपास. घर 225 चौरस फुटांचं. नाव लागलेल्यांतले बरेच जण साठीच्या पुढचे होते आणि कित्येकांच्या जागी त्यांच्या विधवा किंवा मुलं कागदपत्रं घेऊन उभी होती. हजेरीपट, तिकीट नंबर, पगाराची जुनी चिठ्ठी. गिरणीत घाम गाळल्याचा पुरावा ट्रंकेच्या तळाशी जपलेल्या एका पिवळ्या कागदावर येऊन थांबला. इस्वलकर 2021 मध्ये गेले. यादी संपली नव्हती.

बीडीडी चाळींची गोष्ट थोडी निराळी झाली, कारण त्यांची जमीन सरकारची होती. 2017 च्या एप्रिलमध्ये पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं. 160 फुटांच्या खोलीच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं मालकीचं घर असा करार. शंका होत्या, भाडेकरूंत फूट होती, काम रेंगाळलं. 14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. चाळीस मजली इमारत, लिफ्ट, घरात स्वतःचा संडास. चार पिढ्या ज्यांनी पहाटे डबा घेऊन रांग लावली, त्यांच्या घरातल्या म्हातारीला त्या शेवटच्या गोष्टीचं मोल कोणी समजावून सांगायला नको. गॅलरी गेल्याची हळहळ आहे, मेंटेनन्सचा खर्च झेपेल का ही धास्ती आहे, पण ते घर तिचं आहे आणि ते शहराच्या मध्यावर आहे.

त्याच्या महिनाभर आधी, 9 जुलैला, आझाद मैदानात गिरणी कामगार आणि त्यांचे वारस जमले होते. सरकारने त्यांच्यासाठी शेलू आणि वांगणीला हजारो घरं देऊ केली होती. बदलापूरच्याही पुढे, कर्जतच्या वाटेवर. त्यांची मागणी होती की घर मुंबईतच द्या. पंधरा बाय बाराच्या खोलीत सहा चुली मांडणाऱ्यांची ती नातवंडं-पतवंडं होती. काठी टेकत आलेले म्हातारे पावसात छत्र्या धरून बसले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गिरणीचं ओळखपत्र होतं.